पलूसच्या शेततळ्यात समुद्रकाकडी वाढेल का?

नाही वाढणार. तुम्ही विचारलंय की कृष्णाकाठची क्षारपड जमीन तशीही पडून आहे, पाणी मचूळ आहे, मग तिथं समुद्रकाकडी सोडली तर? डोकं चांगलं चालवलंय, पण जमिनीचा क्षार आणि समुद्राचं पाणी यांत फरक आहे.

समुद्रकाकडी हा तारामाशाच्या कुळातला समुद्री प्राणी. अंगातल्या मिठाचा तोल सांभाळायची सोय त्याच्याकडे जवळजवळ नाहीच. बाहेर जेवढं मीठ, तेवढंच आत. लिटरला साधारण ३५ ग्रॅम क्षार असलेलं समुद्राचं पाणी त्याला मानवतं. एक वळवाचा पाऊस तळ्यात पडला की खेळ खलास. शिवाय तो श्वास घेतो गुदद्वारातून (हसू नका, खरंच!) आणि फार त्रास झाला तर आतडी बाहेर टाकतो, पुढं ती पुन्हा उगवतात.

संशोधन आपल्याकडेही झालंय. तुतिकोरिनला केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनं १९८८ मध्ये पाण्याचं तापमान वाढवून 'होलोथुरिया स्कॅब्रा' जातीच्या समुद्रकाकडीची अंडी मिळवली आणि पिल्लं तयार केली. मात्र २००१ पासून भारतात समुद्रकाकडीला वन्यजीव संरक्षण कायद्याचं कवच आहे. पकडणं, विकणं गुन्हा. त्यामुळं कुणी 'बियाणं देतो' म्हणून आगाऊ पैसे मागत असेल तर फोन ठेवून द्या.

मचूळ पाण्याचंच काही करायचं असेल तर आधी पाणी तपासून घ्या. हरियाणा-पंजाबात खारवट जमिनीवर वनामी कोळंबी घेतात. पाणी गोडं निघालं तर रोहू-कटला आहेतच.