गेमिंग पीसीवर हेडफोनचा आवाज सुधारायला बाहेरचा डॅक-अ‍ॅम्प घ्यावा का?

तुमचा प्रश्न मी असा समजलो: बायरडायनॅमिकचा डीटी ९९० प्रो हा हेडफोन, २५० ओहमवाला (ओहम म्हणजे विजेला होणाऱ्या विरोधाचं माप), नवाच घेतलाय आणि कॅबिनेटच्या पुढच्या जॅकला लावलाय. आवाज पुरेसा चढत नाही, माउस हलवला की कानात चरचर होते, आणि गेममध्ये शत्रूची पावलं नेमकी कुठून येतायत ते कळत नाही. बाहेरचं एखादं यंत्र, म्हणजे आवाज घडवणारा डॅक आणि त्याला जोर देणारा अ‍ॅम्प एकाच डबीत, घेतलं तर हे सगळं जाईल का, आणि मग माइकचं काय करायचं?

चरचर जाईल, आवाजही चढेल. पावलांचा मामला वेगळा आहे, तो विकतच्या डबीने सुटत नाही. पण आधी फुकटात जे होतं ते करून घ्या. कारण मी स्वतः ते न करता थेट खरेदी केली होती आणि नंतर कपाळावर हात मारून घेतला.

पुढच्या जॅककडे आवाज येतो तो मदरबोर्डच्या खालच्या कोपऱ्यातून निघालेल्या एका बारीक केबलने. ही केबल बहुतेक कॅबिनेटमध्ये ग्राफिक्स कार्डाच्या पोटाखालून जाते. कार्ड प्रत्येक फ्रेमगणिक विजेचे हिसके घेत असतं आणि त्या केबलमध्ये तो गोंगाट सहज शिरतो. तेव्हा हेडफोन आधी मागच्या हिरव्या जॅकला लावून बघा. बऱ्याच जणांची चरचर इथेच निम्मी होते. राहिलीच, तर गेममध्ये फ्रेम रेटवर मर्यादा घालून ऐका. मर्यादा बदलल्यावर चिरचिरीचा सूरही बदलत असेल, तर चोर ग्राफिक्स कार्डाच्या वीजपुरवठ्यात आहे एवढं नक्की समजा.

विंडोजमध्येही दोन-तीन ठिकाणी डोकवा. स्पीकरच्या प्रॉपर्टीजमध्ये लेव्हल्स नावाचा भाग असतो. तिथे माइक किंवा लाइन-इनची पट्टी दिसत असेल तर ती म्यूट करा. ती चालू राहिली की माइकच्या वाटेचा सगळा खरखराट थेट तुमच्या कानात ओतला जातो, आणि माणूस बिचाऱ्या मदरबोर्डला शिव्या देत बसतो. दुसरं, कम्युनिकेशन्स या टॅबमध्ये कॉल चालू असताना बाकीचे आवाज ८० टक्क्यांनी कमी करायचं असं मुळातच ठरवून ठेवलेलं असतं. मित्रांशी बोलता बोलता गेमचा आवाज अचानक दबतो तो यामुळे. तिथे 'काहीच करू नका' हा पर्याय निवडा.

आता आवाज का चढत नाही ते. इथे जरा आकडेमोड करू, कारण जाहिराती नेमक्या याच जागी फसवतात. या हेडफोनची संवेदनशीलता १ मिलिवॅटला ९६ डेसिबल अशी दिलेली असते. स्फोट, बंदुकीचा बार अशा क्षणिक शिखरांसाठी ११० डेसिबलपर्यंत मोकळी जागा धरली, तर १४ डेसिबल जास्त हवेत, म्हणजे साधारण २५ मिलिवॅट. २५० ओहममध्ये २५ मिलिवॅट ढकलायचे तर अडीच व्होल्ट लागतात. साध्या मदरबोर्डच्या जॅकमधून साधारण १ व्होल्ट निघतो. त्यात हा हेडफोन १०२ डेसिबलच्या आसपास थांबतो. बहिरं होण्याइतका आवाज त्यातही होतो, पण हळू आवाजात मिसळलेल्या गेममध्ये किंवा जुन्या रेकॉर्डिंगमध्ये पट्टी शंभरवर नेऊनही काहीतरी कमी पडतंय असं वाटत राहतं.

म्हणजे तुम्हाला हवेत अडीच-तीन व्होल्ट, ढीगभर वॅट नव्हे. डबीवर '१००० मिलिवॅट' असं मोठ्या अक्षरात छापलेलं असतं आणि बारीक अक्षरात '३२ ओहमला'. हिशेब केला तर ते होतात साधारण ५.७ व्होल्ट, आणि तेवढ्याच व्होल्टेजला २५० ओहममध्ये जेमतेम १२८ मिलिवॅट जातात. तुमच्या कामाला तेही पाचपट झाले, पण आकडा वाचताना ओहम बघायची सवय लावा. निव्वळ यूएसबीवर चालणाऱ्या छोट्या डबीतही २ व्होल्टच्या वर देणाऱ्या आहेत, त्या तुम्हाला पुरतील. अ‍ॅपलचा टाइप-सी ते हेडफोन हा चिमुकला डोंगल पीसीवरही चालतो आणि इयरफोनसाठी झकास आहे, पण तो १ व्होल्टच देतो (युरोपात विकला जाणारा तर त्याच्या निम्माच), म्हणून तुमच्या हेडफोनला तो घेऊन मदरबोर्डापेक्षा जास्त आवाज मिळणार नाही.

घरात मल्टिमीटर असेल तर एक गंमत करून बघा. ५० हर्ट्झचा शुद्ध सूर (साइन वेव्ह) पूर्ण पातळीला वाजवा, हेडफोन डोक्यावरून काढून ठेवा, आणि जॅकवरचं एसी व्होल्टेज मोजा. तुमचा बोर्ड किती देतो ते दोन मिनिटांत कळेल, कुणाच्या परीक्षणावर विसंबायला नको. साधे मीटर ५० हर्ट्झला भरवशाचे असतात, म्हणून हाच सूर.

डॅक आणि अ‍ॅम्प यांत लोक गल्लत करतात. डॅक म्हणजे आकड्यांचा आवाजी विद्युतलहरीत अनुवाद करणारी चिप, आणि अ‍ॅम्प म्हणजे त्या लहरीला हेडफोन हलवण्याचं बळ देणारा. डॅकची काळजी फारशी करू नका. सीडीच्या १६ बिटांतच ९६ डेसिबलचा आवाका (सर्वांत हळू आणि सर्वांत मोठ्या आवाजातलं अंतर) मावतो, आणि रियलटेकच्या एएलसी१२२० सारख्या मदरबोर्डवरच्या चिपचा कागदावरचा दावा १२० डेसिबलचा आहे. चिप चांगलीच आहे, शेजार वाईट आहे. बाहेरची डबी घेण्याचा खरा फायदा हाच, की हे नाजूक काम त्या गोंगाटी पेटीतून बाहेर निघतं. सेकंदाला आवाजाचे किती नमुने ते सांगणाऱ्या ३८४ किलोहर्ट्झ वगैरे आकड्यांनी हुरळून जाऊ नका. विंडोजमध्ये २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ ठेवा आणि विसरून जा.

अ‍ॅम्पचा एक आकडा मात्र बघाच: आउटपुट इम्पीडन्स, म्हणजे अ‍ॅम्पच्या स्वतःच्या बाजूचा ओहममधला विरोध. हेडफोनचा इम्पीडन्स त्याच्या निदान आठपट असावा असा ढोबळ नियम आहे. तुमच्या २५० ओहमला जवळपास काहीही चालेल. पण उद्या एखादा अनेक ड्रायव्हरचा (आवाज काढणाऱ्या भागांचा) इयरफोन आणलात, ज्याचा इम्पीडन्स एका पट्टीत ८ ओहम आणि दुसरीत ४० असतो, तर १० ओहमच्या आउटपुटवर त्याच्या सुरांत ५ डेसिबलचा फरक पडतो. तोच इयरफोन, पण वेगळाच ऐकू येईल. म्हणून १ ओहमच्या आतला अ‍ॅम्प घ्या. हे जमवायला फार मोठी विद्या लागत नाही. आपलं खरं नाव कधीच न सांगणाऱ्या एका अभियंत्याने २०११ मध्ये ओ-टू नावाच्या अ‍ॅम्पचा पूर्ण आराखडा जगासाठी खुला केला, साध्या सुट्या भागांचा, आणि मोजमापात तो भल्याभल्या महाग यंत्रांच्या पंक्तीला बसला. तेव्हापासून 'स्वच्छ अ‍ॅम्प महागच असणार' हे म्हणणं लंगडं पडलंय.

आता माझी फजिती. मी वेगळा डॅक आणि वेगळा अ‍ॅम्प घेतला, टेबलावर एकावर एक रचले, त्यांनाच स्पीकरही जोडले, आणि गेम सुरू केल्यावर कानात तीच जुनी चिरचिर! दोन दिवस मी डॅकला दोष देत होतो. मग सहज स्पीकरची केबल काढली आणि क्षणात शांतता. झालं होतं असं, की पीसीचं अर्थिंग यूएसबीच्या वाटेने डॅकमध्ये येत होतं आणि स्पीकरचं अर्थिंग दुसऱ्या बाजूने. दोन्ही मिळून एक कडं तयार झालं आणि पीसीचा गोंगाट त्यात फिरत राहिला. यालाच ग्राउंड लूप म्हणतात. मी यूएसबी काढून मदरबोर्डच्या ऑप्टिकल सॉकेटवरून डॅकला जोडणी दिली. ऑप्टिकल केबलमधून प्रकाश जातो, वीज जात नाही, त्यामुळे ते कडं तुटलं. तेव्हापासून आवाज स्वच्छ आहे. तुमच्या मदरबोर्डला ते सॉकेट असेल तर डॅकही ऑप्टिकल इनपुटवाला बघा. फक्त लक्षात ठेवा, ऑप्टिकलमधून डॅकला वीज मिळत नाही, त्याचा वेगळा अ‍ॅडॉप्टर लागतो. सॉकेट नसेल तर यूएसबी आयसोलेटर नावाची चीज मिळते, ती हेच काम करते. आणि नुसता हेडफोनच जोडणार असाल तर हे कडं बहुधा तयारच होणार नाही, तेव्हा आधीपासून घाबरून खर्च करू नका.

पावलांकडे येतो. आवाज डावीकडून येतोय की मागून, हे आपण दोन कानांतल्या वेळेच्या आणि जोराच्या फरकावरून आणि कानाच्या पाळीने सुरात केलेल्या बदलावरून ओळखतो. गेम हे सगळं गणिताने उभं करतो, त्याला एचआरटीएफ म्हणतात. अ‍ॅम्प हे गणित बदलू शकत नाही. तुम्हाला दिशा कळत नाही याचं बहुतेक वेळा कारण असं असतं, की गणित दोनदा झालेलं असतं: गेमने एकदा केलं आणि वरून विंडोज सॉनिक, डॉल्बी अ‍ॅटमॉस अशा आभासी सराउंडने किंवा डबीच्या '७.१' (चहूबाजूंच्या आठ स्पीकरांचा आभास देणाऱ्या) बटणाने पुन्हा केलं. मग सगळे आवाज घंगाळात बसून ऐकल्यासारखे घुमतात. गेममध्ये हेडफोन किंवा एचआरटीएफचा पर्याय असेल तर तो चालू करा आणि बाकी सगळं बंद ठेवा. गेममध्ये तसं काहीच नसेल, पण तो ७.१ चॅनेल बाहेर देत असेल, तरच विंडोजचं वापरा. एका वेळी एकच. म्हणूनच मी गेमिंगचा शिक्का मारलेल्या डब्यांपेक्षा साध्या डॅक-अ‍ॅम्पकडे झुकतो.

तुमच्या हेडफोनची पाठ उघडी आहे, दिशा कळायला ते चांगलंच आहे. पण त्याच्या वरच्या पट्टीत, ८ किलोहर्ट्झच्या आसपास, तेजी जास्त आहे. तासाभराने गोळीबार कानात टोचायला लागतो तो त्यामुळे. इक्वलायझर एपीओ हे फुकटचं सॉफ्टवेअर टाका, तिथे ४-५ डेसिबल उतरवा, आणि खालचे सूर वाढवलेत तर तितकाच एकूण आवाज त्यातल्या प्रीअ‍ॅम्प नावाच्या पट्टीतून कमी करा, नाहीतर आवाज फाटेल. खरं सांगायचं तर मला जितका फरक या एका फिल्टरने जाणवला तितका डॅक बदलून कधीच जाणवला नाही. तुलना करताना दोन्ही बाजूंचा आवाज सारखा करून ऐका. एक-दीड डेसिबल मोठं असलेलं यंत्र कानाला हटकून 'सरस' वाटतं, आणि दुकानदारांना हे आपल्याआधी माहीत असतं.

माइकचं सोपं आहे. बहुतेक डॅक-अ‍ॅम्पना माइकचं इनपुट नसतं, पण विंडोजला ऐकायला एक यंत्र आणि बोलायला दुसरं असं चालतं. माइक मदरबोर्डच्या गुलाबी जॅकलाच ठेवा, किंवा यूएसबी माइक घ्या. स्टुडिओचा कंडेन्सर माइक घ्यायचा विचार असेल तर ४८ व्होल्टचा पुरवठा देणारा ऑडिओ इंटरफेस (असा माइक पीसीला जोडणारी डबी) लागेल, पण लहान इंटरफेसचा हेडफोन जॅक २५० ओहमला बऱ्याचदा कमी पडतो, तो आकडा आधी तपासा. शिवाय उघड्या पाठीच्या हेडफोनमधून आवाज बाहेर गळतो, माइक तोंडाजवळ ठेवा म्हणजे मित्रांना तुमचाच गेम परत ऐकू येणार नाही.

अ‍ॅम्प आला की गेन (आवाज किती पटीने वाढवायचा ते ठरवणारं बटण) आधी लो वर ठेवा. नॉब अर्ध्याच्या पलीकडे नेऊनही कमी पडलं तरच हाय. हेडफोन लावण्याआधी नॉब खाली आणायचा, मग डोक्यावर घालायचा, मग वर न्यायचा, याच क्रमाने. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांसाठी आठवड्याला ४० तास ८० डेसिबल ही मर्यादा सांगते, आणि नव्या अ‍ॅम्पमध्ये तिच्या कितीतरी पुढे जायची ताकद असते. मदरबोर्डवर पट्टी शंभरला लावायची सवय बोटांना असते, तेव्हा पहिल्या दिवशी विशेष सांभाळा.