हत्ती, देऊळ आणि कोपऱ्यातली बरणी

जर्मनीतल्या जुन्या बाजारात तुम्हाला लिबिगचं कार्ड मिळालं, म्हणजे लिबिग कंपनी आपल्या मालाबरोबर फुकट द्यायची ते जाहिरातीचं रंगीत चित्र, हत्ती, देऊळ, पगडीवाला माहूत, आणि तुम्ही विचारताय की त्या काळचा भारत असाच होता असं धरायचं का. मी बरीच वर्षं ही कार्डं जमवतोय म्हणून सांगतो, भारताची माहिती म्हणून मी तरी ते धरणार नाही, पण युरोपातल्या गिऱ्हाइकाला भारत कसा बघायला आवडायचा ते त्यात स्वच्छ दिसतं.

कार्डाच्या कोपऱ्यातली बरणी नीट बघा, लेबलवर आडवी निळी सही असते, ती युस्टुस फॉन लिबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाची. बरणीत गोमांसाचा अर्क. कंपनी १८६५ साली लंडनमध्ये निघाली आणि कारखाना उरुग्वेत, फ्राय बेंटोसला. आता देवळाशेजारी ही बरणी ठेवताना चित्रकाराला काहीच कसं वाटलं नाही? कारण ते चित्र आपल्यासाठी नव्हतंच हो! कार्डं जर्मन, फ्रेंच, इटालियनमध्ये निघायची, बहुतेक सहा-सहाचे संच, आणि संच पुरा करायच्या नादात घरात पुढची बरणी यायची. मला पहिल्यांदा हे लक्षात आलं तेव्हा फार लागलं होतं, अजूनही लागतं.

भिंग लावलंत तर हत्तीच्या करड्या रंगात निळे, गुलाबी, पिवळे बारीक ठिपके दिसतील. ही दगडावरून केलेली छपाई, प्रत्येक रंगाला वेगळा दगड, कागद तितक्या वेळा छापायचा. कारागिरी अप्रतिम, त्यात वादच नाही. राजा रविवर्म्याचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला तो याच तंत्रावर, फक्त ती चित्रं आपल्या लोकांनी देवघरात लावली.

अमेरिकेतली अशीच जाहिरातीची कार्डं बघाल तर अजून एक गोष्ट कळते. जपानी बाई पंखा घेऊन नाजूक उभी, तुर्की माणूस गादीवर लोळतोय, आणि कित्येकदा तर चित्र आधीच छापलेलं, खाली मोकळी जागा, ज्या दुकानदाराने घेतलं त्याने आपलं नाव छापून घ्यायचं, मग माल साबण असो की शेगडी. चिनी माणूस मात्र धोबी, लांब शेंडी, चेहरा मुद्दाम विद्रूप. सेल्युलॉइडच्या, म्हणजे एका जुन्या प्लॅस्टिकच्या, कॉलरच्या जाहिरातींत, कॉलर घरीच पुसून साफ होते म्हणून धोबी चीनला परत निघालाय असं दाखवलेलं आहे. १८८२ मध्ये तिथे चिनी मजुरांना बंदी करणारा कायदा झाला, त्याच काळातली ही कार्डं. जपान लांब होता म्हणून सुंदर, चिनी माणूस गल्लीत राहायला आला होता म्हणून नकोसा, असं मला वाटतं.

सिंगर शिलाई मशीनचा १८९२ चा देशोदेशींच्या पोशाखांचा संचही मिळाला तर बघाच. पोशाख ज्याचा त्याचा, मध्ये मशीन मात्र तेच.

तुमच्या कार्डाला लॅमिनेशन करू नका, अल्बमला चिकटलेलं असेल तर ओढू नका. मागची बाजू चिकटलेली नसेल तर तिचा फोटो टाका, चित्राबद्दलचा मजकूर बहुतेक तिथेच असतो, त्यांनी भारताबद्दल काय लिहिलंय ते वाचू.