ठासणीच्या बंदुकीवरून भांडण्याआधी

चिरंजीव,
अनेक उत्तम आशीर्वाद.

शिकारीचा परवाना हाती आल्याचे वाचून आनंद झाला. मात्र त्याच पत्रात, पेनसिल्व्हेनियातल्या आपल्या भागात चकमकीची बंदूक घेऊन फिरणाऱ्या म्हाताऱ्यांना तू ‘संग्रहालयातून सुटलेली माणसे’ म्हटले आहेस, आणि त्यांच्यापैकी एकाने तुझ्या नव्या इनलाइन बंदुकीला ‘लबाडी’ म्हटल्याचा रागही तुझ्या मनात आहे, म्हणून हे जरा सविस्तर लिहितो.

दोन्ही बंदुका ठासणीच्याच आहेत. कोकणात शेतीच्या राखणीसाठी काही घरांत असते तशीच बंदुकीची दारू नळीच्या तोंडातून ओतायची, गोळी गजाने ठासायची आणि हाती एकच बार आहे हे जाणून नेम धरायचा. फरक आहे तो पेटवण्याचा. चकमकीत गारगोटी पोलादावर घासते, ठिणगीने बाहेरची रंजक, म्हणजे पेटवणीची चिमूटभर दारू, पेटते आणि तो जाळ बारीक छिद्रातून आत शिरतो. तुझ्या इनलाइन बंदुकीत प्रायमर, म्हणजे आघाताने पेटणारी छोटी पेटवणी, नळीच्या बुडाशी, सरळ रेषेत बसतो. मिसूरीच्या टोनी नाइट यांनी 1985 मध्ये आणलेल्या एमके-85 या बंदुकीमुळे ही रचना लोकप्रिय झाली. बूड उघडून नळी मागून साफ करता येते, ही नवशिक्यासाठी मोठीच सोय आहे आणि ती नाकारणे हा निव्वळ हट्ट होय.

‘परंपरा’ नेमकी कुठे सुरू होते, हेही पाहा. रंजकेचा जाळ दिसताच पाखरे उडून जातात, या त्रासातून स्कॉटलंडचे धर्मोपदेशक अलेक्झांडर फोर्सिथ यांनी आघाताने पेटणारी दारू वापरण्याची युक्ती काढली आणि 1807 मध्ये तिचे पेटंट घेतले. त्याच वाटेने पुढे केपची, म्हणजे आघाताने पेटणाऱ्या छोट्या टोपीची, बंदूक आली, आणि एके काळची ही नवलाई खांद्यावर टाकून हिंडणारा माणूस आज जुन्या वळणाचा समजला जातो.

तरीही त्या म्हाताऱ्यांची तक्रार पोकळ नाही. आपल्या राज्यात 1974 पासून त्यांना वेगळा हंगाम मिळाला तो त्यांचे हत्यार अडचणीचे होते म्हणून, आणि नाताळानंतरच्या हंगामात हरणासाठी ठासणीची बंदूक आजही चकमकीचीच लागते. दुर्बीण लावून दुप्पट-तिप्पट अंतरावर बार टाकणारी बंदूक तिथे आली, तर वेगळा हंगाम उरणार कशासाठी, अशी त्यांची भीती आहे. कोलोरॅडोत ठासणीच्या हंगामात दुर्बीण चालत नाही, दारूच्या तयार गोळ्याही चालत नाहीत. हा वाद नियमाचा आहे. तो नियम करणाऱ्यांपुढे जरूर मांडावा, पण रानात भेटलेल्या माणसाच्या तोंडावर फेकू नये. मला स्वतःला दुर्बीण आवडत नाही, हे कबूल करतो. पण साठीनंतर नळीच्या टोकावरची नेम धरायची माशी धूसर दिसू लागली तेव्हा दुर्बीण लावणाऱ्यांना हसणे मी बंद केले.

एका जानेवारीत, भुरभुर पावसात, वीस पावलांवर हरिणी उभी असताना माझ्या बंदुकीचा घोडा पडला आणि काहीच झाले नाही. रंजक भिजून काळा चिखल झाली होती. हरिणीने मान वर करून पाहिले आणि ती सावकाश निघून गेली. पुढच्या वर्षी बार झाला, पण गोळी जरा मागे लागली. तेव्हा शेजारचे एक गृहस्थ, ज्यांची इनलाइन त्या हंगामात चालत नव्हती, रिकाम्या हाताने आले आणि बर्फावरचे रक्ताचे थेंब शोधत दोन तास माझ्याबरोबर ओणवे चालले. हरीण मिळाले. माझ्या बंदुकीबद्दल ते चकार शब्द बोलले नाहीत.

जनावर जखमी होऊन निसटते ते बहुतेकदा अंतराच्या मोहाने, आणि तो मोह दोन्ही बाजूंना आहे. मी गोल गोळीने सत्तर यार्डांपलीकडे बार टाकत नाही. तूही दारूच्या डब्यावर काय छापले आहे ते बाजूला ठेवून, कागदावर पाचही गोळ्या तळहाताएवढ्या जागेत पडतील ते अंतर आपले मान.

येत्या रविवारी बंदूक घेऊन ये. माझ्या चकमकीला नवी गारगोटी बसवून ठेवतो. तू ती चालव, मी तुझी चालवतो, आणि नंतर दोन्ही नळ्या गरम पाण्याने धुऊ. निघण्यापूर्वी रिकाम्या नळीत गज बुडापर्यंत घालून तोंडापाशी त्यावर खूण कर. पुढे कधीही गज त्या खुणेपर्यंत गेला नाही, तर आत बार भरलेला आहे असे समज.

तुझा,
काका