बाबांच्या सोबत्याला भेटायला जा, ताई

प्रश्न : माझे वडील १९७१च्या युद्धात पूर्व आघाडीवर गेले. ढाक्यात १६ डिसेंबरला शरणागती झाली, त्याच्या पाच-सहा दिवस आधी. मी दीड वर्षाची होते. ‘गोळी लागली आणि जागीच गेले’ असं आईला कळवण्यात आलं होतं. गेल्या महिन्यात त्यांच्या पलटणीतल्या एका काकांचा फोन आला. ‘शेवटचे दोन तास मी त्याच्याजवळ होतो, एकदा येऊन जा,’ म्हणाले. आई म्हणते, आता काय ऐकायचं राहिलंय? भाऊ म्हणतो, जुनं उकरू नकोस. काय करू?

ताई, जा. आणि लवकर जा. तेव्हा विशी-पंचविशीत असलेले हे जवान आता पंचाहत्तरीच्या पुढे गेलेत. त्यांनी इतक्या वर्षांनी तुमचा नंबर शोधून काढला, म्हणजे ते दोन तास त्यांना आपल्याबरोबर न्यायचे नाहीत.

‘जागीच गेले’ हे वाचून तुम्हाला फसवल्यासारखं वाटलं असेल. मला तसं वाटत नाही. ज्यानं ते कळवलं, त्याच्या डोळ्यांसमोर विशीतली, कडेवर मूल असलेली एक बाई होती. तिला रात्री झोप लागावी म्हणून त्यानं ते लिहिलं असणार.

पण भेटल्या भेटल्या शेवटच्या दिवसावर येऊ नका. बाबा हसायचे कसे, त्यांना पलटणीत काय नावानं हाक मारायचे, कुणाशी भांडायचे, घरचं पत्र आलं की काय करायचे, तुमचा विषय कधी काढायचे का, हे आधी विचारा. तुमच्या घरात बाबा म्हणजे हार घातलेला फोटो. त्या माणसानं त्यांच्याबरोबर एका बराकीत दिवस काढलेत. शेवटचं ते आपणहून सांगतील, आणि सांगताना थांबले तर थांबू द्या. तारखा, गावांची नावं इकडची तिकडे होतील. उलटतपासणी करू नका. परवानगी घेऊन फोनवर रेकॉर्ड मात्र करा.

एक प्रश्न नक्की विचारा. त्या युद्धात बहुतेकांचे अंत्यसंस्कार आघाडीजवळच झाले, पार्थिव घरी आलं नाही. बाबांना अग्नी कुठे दिला, कुणी दिला, हे सांगू शकणारं कदाचित तेच एकटे उरले असतील.

आता आई. तिला सोबत नेऊ नका, आणि परत आल्यावर तिची समजूत ‘दुरुस्त’ही करू नका. ‘जागीच’ या एका शब्दाच्या आधारावर तिनं तुम्हा दोघांना वाढवलंय. मात्र निघण्यापूर्वी तिला एवढंच विचारा, ‘तुला त्यांना काही विचारायचंय का?’ ती नाही म्हणेल, किंवा असं काही विचारेल की तुम्ही चकित व्हाल. मला राहून राहून वाटतं, वीरपत्नी म्हणून तिचे सत्कार झाले असतील, पण तुझा नवरा माणूस म्हणून कसा होता, हे तिला कुणी विचारलं असेल का? रजेवर यायचे तेव्हा घरात काय चालायचं, हे तिच्याशिवाय कुणालाच ठाऊक नाही. काकांकडून जसं ऐकाल, तसंच तिच्याकडूनही ऐका.

भावाला आग्रह नको. जे ऐकाल ते वहीत उतरवून ठेवा. त्याला जेव्हा वाटेल तेव्हा तो वाचेल. दिल्लीच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकात, त्याग चक्राच्या भिंतींवर हुतात्म्यांची नावं कोरलेली आहेत. तिथं बाबांचं नाव शोधायला त्याला सोबत घ्या. काही भावांना बोलण्यापेक्षा असं बरोबर जाणं सोपं पडतं. पलटणीतले आणखी कुणी हयात आहेत का, हे काकांनाच विचारा. नाहीतर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात चौकशी करा.

पण ते सगळं नंतर. आधी काकांना फोन करा आणि याच आठवड्यातला दिवस ठरवा.