डाउनलोड केलेली फाइल त्याच फोल्डरमध्ये असूनही लिनक्स ‘कमांड नॉट फाउंड’ का म्हणते?

प्रोग्रॅमच्या नावाआधी टिंब आणि तिरकी रेघ (./) जोडून आज्ञा द्या, टर्मिनल त्याच फोल्डरमध्ये उघडलेले असेल, तर एवढ्याने हा संदेश जाईल. टर्मिनलमध्ये टाइप केलेल्या आज्ञा वाचून चालवणाऱ्या प्रोग्रॅमला शेल म्हणतात, आणि बॅश हे लिनक्सवरचे प्रचलित शेल. बॅशच्या अधिकृत माहितीपुस्तिकेनुसार, नावात तिरकी रेघ नसेल तेव्हा शेल बाहेरचा प्रोग्रॅम फक्त ‘पाथ’ (PATH) या यादीत नोंदवलेल्या डिरेक्टरींमध्ये, म्हणजे फोल्डरांमध्ये, शोधते, आणि आपण ज्या डिरेक्टरीत आहोत ती त्या यादीत सहसा नसते. हे सुरक्षिततेसाठी मुद्दाम केलेले आहे, कारण अन्यथा कोणी सामायिक फोल्डरमध्ये ‘एलएस’ (ls, फाइलींची यादी दाखवणारी आज्ञा) नावाची घातक फाइल ठेवली, तर यादी पाहायला गेलेल्या माणसाकडून तीच चालवली जाऊ शकते. यानंतर ‘परमिशन डिनाइड’ असे उत्तर आले, तर फाइलला चालवण्याची परवानगी देणारी ‘सीएचमॉड +एक्स’ (chmod +x) आणि पुढे फाइलचे नाव ही आज्ञा एकदा द्यावी. ब्राउझरने उतरवलेल्या फाइलला चालवण्याची परवानगी आपोआप मिळत नाही. (‘सुडो’ (sudo), म्हणजे प्रशासकाच्या अधिकाराने आज्ञा चालवणे, लावून पाहण्याचा मोह अनेकांना होतो, पण त्याने ही अडचण सुटत नाही.) मात्र ‘एक्झेक फॉरमॅट एरर’ आल्यास ती फाइल बहुधा दुसऱ्या प्रोसेसरसाठी, उदाहरणार्थ रास्पबेरी पाय या छोट्या संगणकातील एआरएम प्रोसेसरसाठी, बनवलेली असते, आणि तेव्हा आपल्या यंत्रासाठीची आवृत्ती पुन्हा उतरवण्यावाचून इलाज नाही.