क्रोम स्प्रे घरीच मारू का?

प्रश्न: माझ्या जुन्या बुलेटचं मागचं मडगार्ड आणि सायलेन्सर गंजलेत, खाडीच्या बाजूला राहतो त्यामुळे क्रोम टिकतच नाही. स्प्रेचा डबा आणून घरीच मारला तर चालेल का? – एक वाचक, ऐरोली

उत्तर: मडगार्डला मारा, सायलेन्सरला अजिबात नको, तापला की साधा स्प्रे काळवंडतो आणि पापुद्रे निघतात. तिथे हीटप्रूफ काळा मारा नाहीतर प्लेटिंगवाल्याकडे द्या. आणि डब्याच्या झाकणासारखी आरसा चमक येईल असं धरून चालू नका हो, खरं क्रोम म्हणजे निकेलवर चढवलेला क्रोमियमचा थर आणि डब्यात असते ती बहुतेक वेळा ॲल्युमिनियमची भुकटी. तरी त्यातल्या त्यात बरं दिसायला हवं तर गंज पूर्ण घासा, प्रायमर मारा, मग चकचकीत काळा, तो नीट वाळला की क्रोमचे अगदी हलके हात, जाड मारलात की सरळ राखाडी दिसतं. बोट लावून बघायची सवय आवरा, ठसा उमटतो! वरून क्लिअर, म्हणजे पारदर्शक थर, मारला तर चमक थोडी मरते, नाही मारला तर पेट्रोलचा थेंब पडला की रंग गेलाच, मी तरी क्लिअर मारेन. पावसाळ्यात काम काढू नका, दमट हवेत पांढुरकी झाक येते.