आषाढी नको, माघीला न्या

प्रश्न : आमचं गाव आर्वी तालुक्यात. सहा एकर पऱ्हाटी, मधात तुरीची तासं. सासूबाई ७६ वर्षांच्या, गुडघे धरलेले. "डोळे मिटायच्या आधी पंढरपूर दाखवा," असं दोन वर्षांपासून म्हणतात. आषाढीला न्यावं तर पेरणी आड येते. कौंडण्यपूर जवळच आहे, तिथं नेलं तर भागेल का?
— एक सून

उत्तर : सूनबाई, मी एकतीस वर्षं एसटीत वाहक होतो. आषाढीच्या जादा गाड्या घेऊन किती वेळा पंढरपूरला गेलो ते मोजलं नाही. पण नोकरीत असेपर्यंत एकदाही पायावर डोकं ठेवता आलं नाही. कळस पाहायचा, हात जोडायचे आन् परतीचे प्रवासी मोजायचे. म्हणून गर्दीचं मी सांगतो ते ऐकाच.

आषाढीला गाड्या गावाबाहेर थांबवतात. तिथून मंदिरापर्यंत माणसांच्या लोंढ्यात चालायचं. देवाचा पलंग काढलेला असतो, म्हणजे देव झोपत नाही, चोवीस तास दर्शन चालू. तरी बारी, म्हणजे दर्शनाची रांग, गोपाळपूरच्या बाजूला पार लांबवर जाते. माझ्या मायला मी एका आषाढीला नेलं होतं. रात्रभर बारीत पोत्यावर बसून होती बिचारी. पहाटे म्हणाली, "बापू, पांडुरंगानं पायलं मले, चाल आता." चिखलात तिची एक चप्पल गेली. दर्शन न घेताच आम्ही परत आलो. ती मात्र समाधानी होती. मलाच ते अजून टोचतं.

तुमच्या सासूबाईंना तसं नेऊ नका. पंढरपूरच्या मोठ्या वाऱ्या चार : चैत्री, आषाढी, कार्तिकी, माघी. आपल्याकडचं शेत धरून हिशेब करा. आषाढीला पेरणी, नाहीतर पाऊस दडला म्हणून दुबार पेरणी. कार्तिकीला सीतादही, म्हणजे वेचणीआधीची वावरातली पूजा, होऊन वेचणी ऐन भरात; बाया मिळत नाहीत आन् मिळाल्या तर घरचं माणूस वावरात लागतं. चैत्रात ऊन असं की धडधाकट माणूसही चक्कर येऊन पडेल. उरली माघी. तूर घरात आलेली, पऱ्हाटीत फरदड, म्हणजे शेवटचा उरलासुरला कापूस, तेवढी उरलेली, हवा गार. ती वारी जणू आपल्या कापूसवाल्यांसाठीच ठेवली आहे, असं मला तरी वाटतं. गर्दी माघीलाही असते, पण आषाढीच्या मानानं कमी.

त्यातही माझं ऐकाल तर एकादशीला नाही, आठवडाभर आधी वसंत पंचमीला न्या. त्या दिवशी मंदिरात विठ्ठल-रुक्मिणीचं लग्न लागतं. रुक्मिणी विदर्भाच्या भीष्मक राजाची लेक, म्हणजे तुम्ही-आम्ही मुलीकडचे! मी निवृत्त झाल्यावर पहिल्यांदा गेलो तो याच लग्नाला. अक्षता टाकताना बाजूच्या सोलापूरकराला म्हटलं, "जरा सरका, आम्ही वऱ्हाडी आहोत." तो हसला आन् खरंच सरकला. पंचमीपासून रंगपंचमीपर्यंत देवाला पांढरा पोशाख असतो, तोही पाहायला मिळेल.

जायचं कसं? नागपूर-कोल्हापूर रेल्वे वर्ध्यावरून थेट पंढरपूरला जाते, पण रोज नसते. वार आधी विचारून घ्या. एसटीनं गेलात तर पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना तिकीट नाही आन् तुम्हाला अर्धं. सासूबाईंचं आधार कार्ड पिशवीच्या तळाशी ठेवू नका, वरच ठेवा. कार्ड सापडेपर्यंत वाहकाचं डोकं किती तापतं ते मला विचारा.

गुडघ्यांना बारी झेपली नाही तर मुखदर्शन घ्या. दुरून दिसतं, पण दिसतं. मग महाद्वाराशी नामदेव पायरी आन् तिच्यासमोर चोखोबांची समाधी. चोखोबा आपल्या बुलढाण्याच्या मेहुणाराजाचे, तेव्हा तिथं सासूबाईंना दोन मिनिटं जास्त बसू द्या. चंद्रभागेत मात्र उतरवू नका. वाळवंटात कुठं खड्डा आहे ते वरून कळत नाही. काठावर बसवून तांब्याभर पाणी पायावर घाला, झालं स्नान.

आता कौंडण्यपूर. ते रुक्मिणीचं माहेर, वर्धा नदीच्या काठी. तिथून आईसाहेबांची पालखी पायी पंढरपूरला जाते ती १५९४ पासून, असं सांगतात. कार्तिक पौर्णिमेला विठ्ठल सासुरवाडीला येतो अशी आपल्याकडची श्रद्धा. दुसऱ्या दिवशी दहीहंडी असते. तिथं तुम्ही दरवर्षी न्याच. पण सासूबाईंनी पंढरपूर मागितलं आहे. माहेर दाखवून सासरची हौस कशी फिटेल?

प्रश्न : पंढरपूरला रुक्मिणी विठ्ठलाशेजारी का नाही?
— इयत्ता सातवी, तालुका तिवसा

उत्तर : रुसली म्हणून! द्वारकेत देवाजवळ राधेला पाहिलं आन् ही रागानं दिंडीरवनात येऊन बसली, अशी कथा आहे. देव तिला शोधत आला, वाटेत पुंडलिकानं फेकलेल्या विटेवर उभा राहिला तो राहिलाच. तिचं मंदिर त्याच्या मंदिरामागे, वेगळं. तुझ्या तालुक्यातली लेक आहे बाळा ती, कौंडण्यपूर तिवशातच येतं. वर्गात सांग.